खरखर

खालच्या खोलीतल्या सासूबाईंच्या ऑक्सिजन मशीनमुळे वरच्या खोलीत ह्यांच्या हौशी रेडिओवर वर्षभर सतत खरखर होती. दूरदेशीच्या मित्रांना ह्यांचं बोलणं पोचायचं, पण त्यांचं एक अक्षर ह्यांना कळायचं नाही. शेवटी कंटाळून ह्यांनी फक्त ऐकण्यासाठी वेगळी अँटेना निवडली आणि मशीनपासून लांब, अंगणाच्या पार टोकाला लावली.

मी म्हटलं, "माझं ऐकायलाही एखादी बघा."

संध्याकाळी रेडिओ लावला. खरखर नव्हती. हे हेडफोन टाकून धडपडत जिना उतरले.

सासूबाई पलंगावर बसल्या होत्या, मशीन चालू होतं. "काय रे, पळत का आलास?"

"काही नाही गं, आई. एकदम शांत वाटलं."



सकाळी ह्यांनी जुनीच अँटेना परत जोडली.