एकाक्षरी नवरा

सानगडीच्या संगणक वर्गात प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. स्वतःचे, गावाचे आणि पतीचे नाव इंग्रजीत छापणारा प्रोग्राम लिहायचा होता. रुपाच्या पडद्यावर तिचे आणि गावाचे नाव अचूक उमटले; पतीच्या जागी मात्र ‘एम’ हे एकच अक्षर आले.

भूपेंद्र सरांनी कारण तत्काळ ओळखले. “रुपाताई, पहिल्या दोन नावांले अख्खं नाव मावणारी स्ट्रिंग लावली, मंग तिसऱ्याले कॅरेक्टर काहून? त्यात एकच अक्षर मावते. असं ठेवलं त नापास करा लागन.”

“मालूम हाय, सर,” रुपा हळू आवाजात म्हणाली. “पण आमच्या घरी बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. सासूबाईचा नियम हाय.”

नियमाच्या कर्त्या सुलोचनाबाई शेजारच्याच संगणकावर परीक्षा देत होत्या. सुनेला एकटीला पाठवायचे नाही, म्हणून त्यांनीही प्रवेश घेतला होता. सर त्यांच्या पडद्याकडे वळले. तिथे त्यांच्या पतीचे ‘जागेश्वर’ हे नाव पूर्ण आणि एकाखाली एक, अखंड छापले जात होते.

“काकू, हे थांबून काहून नाही राहिलं? थांबाची अट टाकाले इसरल्या काय?”

“इसरली नाही,” सुलोचनाबाई पडद्यावरून नजर न हलवता म्हणाल्या. “आन् मी कुठं नाव घेऊन राहिली? मशीन घेऊन राहिली. चालू द्या जराक.”

मग तशाच, मान न वळवता, त्यांनी सुनेला सांगितले, “रुपा, स्ट्रिंग लाव. नापास होशीन.”