बद्रीचं फूल

फूल उमललं तसा कारभारी विहिरीवरून जो सुटला, तो थेट पारावर येऊन थांबला. डोईला पटका नाही, पायात जोडा नाही. "चला समदे! उमललं!" एवढंच त्याच्या तोंडून फुटलं.

कुंभार पिंपळगावात वैशाखाच्या भर दुपारी कुणी सावली सोडत नाही. पण त्या दिवशी अख्खा पार उठला. सात महिने सगळे याच फुलावर टपून बसले होते.

कारभारी गेल्या साली एकटाच बद्रीनाथाला जाऊन आला. म्हणजे, तो म्हणत होता की जाऊन आला. रखमाजीचं म्हणणं वेगळं. "हा हरिद्वारच्या धरमशाळेत पडून राह्यला, गरम पुऱ्या हाणल्या आन् वापस आला," असं तो चारचौघांत सांगायचा. कारभाऱ्याचं वाढलेलं पोट पाहून लोकांना ते पटायचंही. यात्रेकरूनं परतल्यावर मावंदं घालायचं, गावानं जेवायला यायचं, त्याच्या पाया पडायचं, तेव्हा कुठे यात्रा पुरी होते. पण खोट्या यात्रेचं जेवायला येतो कोण? बिचाऱ्याचं मावंदं अडलं. शेवटी त्यानं पुरावा काढला. बद्रीच्या वर, बर्फाच्या कडेला आपल्या हातानं उकरलेली निळ्या फुलाची मुळी. ती त्यानं विहिरीजवळ लावली. "फूल दिसू दे, मंग जेवू," रखमाजीनं जाहीर करून टाकलं.

कारभाऱ्याची बायको सोनूबाई मोठी खमकी. नवऱ्याला कुणी हसलं की पदर खोचून भांडायला उभी. पाणवठ्यावर तिच्यासमोर बद्रीचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती. झाडाला पाणीही तीच घालायची. "तुमचा हात जड हाय," म्हणून नवऱ्याला जवळ फिरकू देत नव्हती.

आता फूल समोर होतं. निळंशार, उन्हात डोलणारं. कारभारी छाती काढून उभा. निवाड्याला वामन मास्तर आले. हैदराबादेत उर्दूतून वनस्पतिशास्त्र शिकलेला माणूस, त्यांच्या शब्दाला वजन. त्यांनी भिंग काढलं, पान उलटं करून पाहिलं, आणि कपाळाला आठी घातली.

"कारभारी, वाईट वाटून घेऊ नका. बर्फाकडचं झाड थंडीपायी जमिनीला चिकटून बसतं, अंगावर लव राखतं. वर्षातले सात-आठ महिने ते बर्फाखाली झोपतं. पानं मरतात, मुळी जगते. आपल्या उन्हात तर ती सडूनच जायची. आणि हे बघा, कसं मजेत वाढलंय! हे तिथलं असणं बिलकुल शक्य नाही."

रखमाजी हसता हसता खालीच बसला. कारभाऱ्याचे डोळे भरून आले. "म्या ह्याच हातानं उकरली वं मास्तर," तो म्हणाला. पण ऐकतो कोण!

तेवढ्यात सोनूबाई गर्दी सारत पुढं आली. "त्यांना हसू नका. हे झाड म्या लावलंय. माझ्या माहेरचं, भोकरदनकडच्या डोंगरातलं. तिथं शेळ्या बी तोंड लावत न्हाईत त्याला!"

"आन् बद्रीचं?" रखमाजीनं विचारलं.

"ते दिवाळीतच सडलं. गावात ह्यांची नाचक्की व्हईल म्हणून गपचीप बदललं."

मास्तर एकदम ताठ झाले. "सडलं? आधी कोंब आला होता?"

"आल्ता की, बोटाएवढा. मांजराच्या कानावानी लव व्हती त्याच्यावर. मंग काळा पडून गळाला."

"मुळी फेकलीत?"

"देवाकडची वस्तू कशी फेकावं?" असं म्हणून तिनं खोपीतून चिंधीत बांधलेली वाळकी मुळी आणली.

मास्तरांनी ती भिंगाखाली धरली. अंगावर वळ्याच वळ्या. "दर साली पानं गळतात, त्याची ही एकेक खूण. बोटभर मुळी आणि वय पंधरा वर्षं! इतकं सावकाश उंच पहाडावरचंच झाड वाढतं. बाजारात सुकी मुळी मिळते, पण तिला कोंब फुटत नाही. ही जिवंत उकरून आणलेली आहे. रखमाजी, माणूस बराबर वर जाऊन आलाय. झाड इथं मेलं, हाच त्याचा दाखला."

रखमाजीचं हसू विरलं. तो उठला, उपरणं सावरलं आणि तापल्या मातीत कारभाऱ्याच्या पायांवर डोकं ठेवलं. मग त्याच्यामागे रांगच लागली. मावंद्याचा दिवस तिथंच ठरला. कारभारी एकाला उठवत होता, दुसऱ्याला आशीर्वाद देत होता, मध्येच रडत होता.

सोनूबाई मात्र जागची हलली नव्हती. तोंडाला पदर लावून ती नवऱ्याकडं नुसती बघत राहिली. रांग सरली तशी ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "आवं, म्हंजे तुम्ही खरंच गेल्ते?"