येते

गुरूपलीकडे कायमची निघालेली वसुधा रेडिओवर म्हणाली, "येते हं, आप्पा." नेटवर्क सांभाळणाऱ्या प्रणालीनं नोंद केली : प्रवासी परतणार, चॅनेल राखीव.

केंद्रप्रमुख दास्तानेबाईंना तेच चॅनेल पुढच्या यानासाठी हवं होतं. त्यांनी स्वतःच्या अधिकारात ते मोकळं करून पाहिलं. पडद्यावर उत्तर आलं, "तुमचा हुद्दा सर्वांत वरचा आहे, पण नियम त्याच्याही वर. चॅनेल फक्त प्रवाशाच्या शब्दानं बंद होतं."

त्यांनी आप्पांना माईकसमोर बसवलं. "तिला एकदा 'जाते' म्हणायला सांगा."

"निघताना असं कुणी म्हणतं होय?" आप्पा माईककडे वळले. "ये हं, पोरी."

पडद्यावर उमटलं : दुजोरा मिळाला.

दास्तानेबाई दुसरं चॅनेल शोधू लागल्या.