बेत नसलेली सुट्टी

साडेअकरा वाजून गेले होते आणि घरात एकाचीही आंघोळ झालेली नव्हती. घर कसलं, गंभीर नावाच्या नदीच्या काठी तुषारच्या मित्राच्या शेतावर उभी केलेली लाकडी खोली. पुढे ओसरी, मागे मोरी. याला म्हणे केबिन म्हणायचं. सुलभाताईंच्या मते गोठ्याला वॉर्निश मारलं की त्याची केबिन होते.

उज्जैनच्या एका कन्याशाळेत त्यांनी बावीस वर्षं मुख्याध्यापकी केली होती. दोनशे मुली मांडूला नेऊन आणल्या, एकीचा रुमालसुद्धा हरवू दिला नाही. आणि इथे पोटचा मुलगा, चाळिशीतला, खाटेवर पालथा पडून शेव चिवडत होता. सून केतकी, बँकेत अधिकारी म्हणवणारी, केस न विंचरता उन्हात पाय पसरून बसली होती. दहा वर्षांची नात मृण्मयी अनवाणी हरभऱ्याचे डहाळे खात फिरत होती. दात कुणी घासले होते की नाही, देव जाणे.

आजचा बेत काय, असं त्यांनी सकाळी विचारलं होतं. तुषारने डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"बेत काहीच नाही, आई. अचानकच निघालो न आपण काल. बस, पडून राहायचं."

पडून म्हशी राहतात. सुलभाताई ओसरीतल्या एकुलत्या एका खुर्चीत ताठ बसून वाट बघत राहिल्या. कंटाळतील, काहीतरी अडेल, मग 'आई, आता काय करायचं' म्हणत येतील. आजवर त्यांच्यावाचून या घराचं पान हललं नव्हतं. यांना साधी सुट्टी घालवता येत नाही, हे एकदा यांच्या तोंडून त्यांना ऐकायचं होतं.

पण काही अडलं नाही. चौकीदाराची बायको डाळ-बाफल्यांचं जेवण घेऊन आली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी केतकीची डाळ बिनमिरचीची होती आणि मृण्मयीसाठी वाटीत गूळ होता. आंधळ्याच्या गायी देव राखतो, म्हणत सुलभाताईंनी नाक मुरडलं.

हात धुवायला उठल्या तर दाराच्या चौकटीवर बॉलपेनच्या रेघोट्या. दुसऱ्याच्या दाराची ही नासाडी. सुनवायला झकास निमित्त मिळालं. त्यांनी चष्मा लावला.

रेघा पाच होत्या, एकीवर एक. सगळ्यात खालची त्यांच्या कमरेशी, वरची खांद्याशी. प्रत्येकीपुढे केतकीच्या टपोऱ्या अक्षरात मृण्मयीचं नाव होतं, आणि तारीख. वर्षं वेगवेगळी, तारीख मात्र एकच, आजचीच. सव्वीस डिसेंबर.

दरवर्षी सव्वीस डिसेंबरला सकाळी त्या ग्वाल्हेरची गाडी पकडायच्या. आठ दिवस श्रीनाथदादाकडे. तुषार बॅग चढवून द्यायचा आणि म्हणायचा, तू नसलीस की घर खायला उठतं. यंदा जूनमध्ये दादा गेला. वहिनी आधीच गेली होती. तिथल्या घराला कुलूप लागलं, म्हणून तर त्या आज इथे होत्या.

मागे खदखदा हसणारी मृण्मयी एकाएकी गप्प झाली. सुलभाताईंनी वळून पाहिलं. तिघांनीही त्यांचं बोट चौकटीवर पाहिलं होतं. तुषार उठून बसला होता. केतकीने पाय आखडून केस सारखे केले. मुख्याध्यापिका वर्गात शिरली की मुली बसायच्या, तसे तिघे बसले होते.

सुलभाताईंना खूप वाईट वाटलं. इतकं, की सुनवायचं राहूनच गेलं. त्यांनी चष्मा काढला, घडी करून डबीत ठेवला आणि नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाल्या, "तुषार, पुढच्या सव्वीस डिसेंबरचं माझं ग्वाल्हेरचं तिकीट वेळेवर काढशील."



ग्वाल्हेरला आता आहे कोण, असं तिघांपैकी कुणीही विचारलं नाही.