खणून बुजवलेली माती

आखातातल्या शुऐबा बंदराच्या वाळूखालचे पाइप रडारने शोधण्यात सर्फराजची वीस वर्षे गेली होती. आता कॅनडातून, जिथून कित्येक मूलनिवासी मुले घरी परतलीच नाहीत अशा एका बंद पडलेल्या निवासी शाळेच्या आवारातली रडारची निरीक्षणे त्याच्याकडे तपासायला आली होती. महिनाभर डोळे शिणवूनही तो अहवालात ‘कबर’ लिहीत नव्हता. “लिहिलंत तर हात झडेल का तुमचा?” बायको हफिजा वैतागली. “रडारला हाडं दिसत नाहीत. खणून बुजवलेली माती दिसते.” संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर त्या शाळेत भाऊ गमावलेल्या वृद्धेलाही त्याने थकल्या आवाजात तेच सांगितले: एकोणीस जागी माती खणलेली आहे, कबरी सिद्ध होत नाहीत. “सिद्ध तू सावकाश कर, बाळा,” ती म्हणाली. “त्यातली सगळ्यात आखूड जागा तेवढी दाखव. भाऊ सहा वर्षांचा होता. मला तिथं बसायचंय.” सर्फराजने लांबीचा रकाना पुन्हा पाहिला. एकोणीसच्या एकोणीस आखूड होत्या.