जेवणाच्या टेबलावरची परिषद

"आफ्रिका जरा सरकव. मला ताट ठेवायचंय," नवरा कुरकुरला.

सूनबाईंनी नकाशा गुंडाळला नाही, नुसता स्वतःकडे ओढला. काँगोच्या खोऱ्यावर पाणी सांडलं होतं, ते पदरानं टिपलं. "उद्या वर्गात यावर बोलायचंय मला."

"बोल की. पण इतिहास घडत होता तेव्हाही लोक जेवत असतीलच ना?"

पंचेचाळिशी उलटल्यावर सूनबाईंनी एम.ए.ला नाव घातलं. विषय जागतिक आणि युरोपीय इतिहास. घरात आधी हसं झालं, मग सवय झाली. पहिल्या दिवशी वर्गातली मुलं त्यांना मॅडम समजून उभी राहिली होती. आता पहिलं वर्ष संपत आलं होतं. या अभ्यासक्रमाचा नियमच असा, की दुसरं वर्ष समुद्रापलीकडच्या विद्यापीठात काढायचं, तिथल्या जुन्या दफ्तरांत डोकं घालून. सूनबाईंची निवड झाली होती. येणार की नाही, ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. नाही म्हटलं, तर पदवी अर्ध्यावरच राहणार होती.

म्हणून तर नणंद आली होती. म्हणून तर आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि सगळे हळू बोलत होते. आत सासूबाई पडल्या होत्या. त्यांचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी काय ते जिन्यात उभं राहून सांगितलं होतं, आणि ते जिन्यातलं बोलणं कुणीच अजून घरात आणलं नव्हतं.

"आईला मी नेते," नणंद म्हणाली. "निम्मं वर्ष माझ्याकडे, निम्मं तुझ्याकडे, दादा."

"तुझ्याकडे लिफ्ट कुठंय?"

"मग दिवसभराची बाई ठेवू."

"तिला चालेल?"

"चालवून घेईल. तिचं काय एवढं!"

"आणि मध्येच काही..." नवऱ्यानं वाक्य सोडून दिलं आणि घास घेतला.

"छे, तसं काही नाही," नणंद घाईनं म्हणाली.

"तसं काही नाहीच."

तसं म्हणजे कसं, ते कुणी विचारलं नाही.

सूनबाईंचा नकार मनात कधीच ठरला होता. सासूबाईंचे केस विंचरता विंचरता त्या धडे मोठ्यानं वाचत. सासूबाई मध्येच विचारत, "मग त्या राणीचं पुढं काय झालं?" असं विचारणारं माणूस टाकून जायचं तरी कुठं?

लेक नकाशावर वाकली होती. "आई, म्हणजे हे सगळे युरोपवाले बर्लिनला जमले आणि आफ्रिकेवर रेघा मारून मोकळे झाले?"

"रेघा पुढं. तिथं आधी नियम ठरले. कुणी कुठं आणि कसा हक्क सांगायचा, याचे." सूनबाईंचा आवाज आपोआप वर्गातला झाला. "चांगले काही महिने बसले होते. भिंतीवर हा एवढा मोठा नकाशा."

"आणि ज्यांची जमीन, त्यांच्यातलं कोण होतं तिथं?"

"कुणीच नाही. बोलावलंच नव्हतं. तोच तर माझा मुद्दा आहे. जमलेल्या प्रत्येकाला त्यांचं भलंच करायचं होतं, निदान तोंडानं तरी..."

त्या थांबल्या. पलीकडे नणंद सांगत होती, "दिवसा बाई, रात्री तू, आणि सुट्टीला मी." सूनबाईंनी लोटलेल्या दाराकडे बघितलं. वर्षभर हा मुद्दा घासूनपुसून लख्ख केला, आणि बसल्या होत्या कुठं, तर त्याच टेबलाशी.

खुर्ची मागं सरकली. त्यांनी दार उघडलं.

"आई, बाहेर येता? तुमच्याबद्दल बोलणं चाललंय."

"वहिनी!" नणंद दबक्या आवाजात ओरडली.

सासूबाई जाग्याच होत्या. चष्मा लावून, पदर सारखा करून पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. सुनेचा दंड धरून त्या आल्या. वाटेत एकदा थांबून श्वास घेतला. टेबलाच्या टोकाशी बसल्या. नवऱ्यानं उगाचच एक ताट पुढं केलं, ते त्यांनी परत सरकवलं.

"हं. कुठवर आलात? माझी वाटणी झाली, की बाई ठरली?"

नवरा भात कालवत राहिला.

"बाई चालेल मला. पण पारखून मी घेणार. पोरीकडे जाणार नाही. तिच्या घरात सगळे उपदेश करतात."

लेक फसकन हसली. नणंद नाही हसली.

"आई, मी जातच नाहीये," सूनबाई म्हणाल्या. "तुमच्यामुळे नाही हो. मलाच आता नको वाटतंय."

"खोटं बोलताना तू नाक चोळतेस. लग्नाच्या दिवसापासून बघतेय मी."

सूनबाईंनी नाकावरचा हात खाली घेतला.

"पण आई," नवरा ताटाकडे बघत म्हणाला, "वर्षभराचा प्रश्न आहे. मध्येच तुला काही..."

"काही म्हणजे काय रे? शब्द आहे की त्याला."

नणंदेनं डोळ्यांना रुमाल लावला. सासूबाई सुनेकडे वळल्या. आवाज अगदी साधा होता, चहा टाक म्हणावं तसा.

"मी मरणार आहे. कधी, ते मलाही ठाऊक नाही. तू राहिलीस, तर या घरात सगळे मिळून माझ्या मरणाची वाट बघत बसतील. तू गेलीस, तर मी तुझी वाट बघेन."