सशांवरचा प्रयोग

गरोदर प्रणालीच्या रक्ततपासणीत सिफिलिस हा गुप्तरोग निघाला आणि सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. “कालेजात दिवे लावून आली, न् माझ्या गरीब पोराच्या गळ्यात पडली!”

प्रणालीला घोर होता पोटातल्या बाळाचा. “बाळ वाचवायचं तर दोघांनीही इंजेक्शन घ्या, असं डॉक्टर म्हणालेत. आजच कोपरगावला चला ना, अहो,” ती नवऱ्याला विनवत होती.

साखर कारखान्यात केमिस्ट असलेला नवरा शहाण्यासारखं हसला. त्याने मोबाईल तिच्यापुढे धरला. “मला कशाला सुई? हे वाच, सशांवर प्रयोग झालेत. हा रोग एकदा होऊन गेला की रक्तात अँटीबॉडी राहतात. मग परत लागण होतच नाही!”

सासूबाई पोराकडे वळल्या.


“म्हंजी... तुला कवा हून गेला रं?”